बत्तीस अंशांत बर्फाची धास्ती

सिंगापूरला जाऊन आल्यापासून जो भेटेल तो विचारतो, काय काय पाहिलंत? मी खरं उत्तर देते तेव्हा लोकांना वाटतं, बाई थट्टा करते आहे. सिंगापूरमध्ये मी आठवडाभर घामानं निथळत होते आणि त्यातले निम्मे दिवस मला एकच घोर लागला होता. घरी मागच्या अंगणात उभ्या असलेल्या आमच्या मोटरहोमचे नळ गोठून फुटले तर नसतील?

आधी हे मोटरहोम समजावून सांगायला हवं. आम्ही मूळचे औरंगाबादचे, पण गेली अठ्ठावीस वर्षं कॅनडात, एडमंटन शहराच्या बाहेर राहतो. दिनकर, म्हणजे माझे यजमान, पूल बांधणाऱ्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही लांबलचक गाडी सेकंडहँड घेतली. आत दोघांपुरता पलंग, शेगडी, ओटा, सिंक, एवढंसं बाथरूम, असं सगळं घरच. उन्हाळ्यात आम्ही ती घेऊन डोंगरांत तळ्याकाठी महिना महिना मुक्काम ठोकतो. गाडीच्या पोटात पाण्याची टाकी, पंप, पाणी तापवायची छोटी टाकी आणि बोटाएवढ्या जाडीच्या नळ्यांचं जाळं आहे.

आमच्याकडे हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो. नळीत पेलाभर पाणी राहिलं तरी ते गोठतं, फुगतं आणि नळी उलते. तेव्हा काही कळत नाही. वसंतात हौसेनं नळ सोडावा आणि खालच्या कपाटातल्या डाळ-तांदळांवर धार लागावी, तेव्हा कळतं. म्हणून दर ऑक्टोबरात दिनकर गाडीचं पाणी काढतात. मोठी टाकी रिकामी करायची, तापवायच्या टाकीचं बूच काढून ठेवायचं, मग एक गुलाबी, न गोठणारं औषध पंपानं नळ्यांतून खेळवायचं, प्रत्येक नळाला गुलाबी धार लागेपर्यंत. सगळ्यात शेवटी सिंकच्या आणि बाथरूमच्या मोरीत त्याच औषधाचा एकेक पेला ओतायचा, कारण मोरीखालच्या वाकड्या नळीत नेहमी थोडं पाणी साठलेलं असतं. या सगळ्याची दिनकरांनी चौदा कलमांची यादी केलेली आहे, मोजपट्टीनं रेघा मारून, सुवाच्य अक्षरात. एकेक काम झालं की पेन्सिलीनं बरोबरची खूण. त्या कामात मला हात लावायला मज्जाव, आणि मलाही त्याची कधी हौस नव्हती.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. यंदा दिनकर विसरायला लागले होते.

चहाचं आधण ठेवून बाहेर निघून जायचे. वीस वर्षं शेजारी राहणाऱ्या वॉल्टरला नाव विचारायचे. मी गुपचूप गॅस बंद करायची, वॉल्टरसमोर विषय बदलायची, त्यांना एका शब्दानं बोलायची नाही. पण एका लहानशा डायरीत सगळं टिपून ठेवायची. सिंगापूरला माझी धाकटी बहीण नलू असते. ती तिथल्या नोव्हेना भागात मेंदूच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात काउंटरवर काम करते. ती फोनवर म्हणाली, "ताई, तुमच्याकडे महिनोन् महिने वाट बघत बसण्यापेक्षा इकडे या. मी वेळ घेऊन ठेवते." दिनकरांना मी सांगितलं, नलूच्या ओळखीनं डोळे दाखवू, बीपी दाखवू आणि सिंगापूरही पाहू. डोळ्यांबद्दल मी पंधरा दिवस इतकं बोलले की माझे मलाच डोळे चुरचुरल्यासारखे वाटायला लागले.

निघायच्या सकाळी टॅक्सी दारात उभी, सामान डिकीत, मी आत बसलेली. आणि दिनकर "थांब, आलोच" म्हणून घरामागं मोटरहोमकडे पळाले. टॅक्सीवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. सात-आठ मिनिटांनी आले ते धापा टाकत, एक बाही ओली.

"काय विसरला होता?"

"काही नाही," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

विमानतळावर मी डायरीत लिहिलं: टॅक्सी थांबवून मागं गेले. का, ते सांगता आलं नाही.

विमानात सिंगापूरचा फॉर्म भरायला पेन हवं होतं म्हणून मी त्यांच्या जाकिटाच्या खिशात हात घातला, तर हाताला ती यादी लागली. दिनकर झोपलेले. तेरा कलमांपुढे तेरा खुणा. चौदाव्यापुढे, मोऱ्यांत गुलाबी ओतायच्या कलमापुढे, खूण नव्हती. तिथला कागद थोडा मळका, खरवडल्यासारखा दिसत होता. मोरीची एक नळी फुटली तर आभाळ कोसळत नाही, बदलता येते. पण तीस वर्षं नकाशांवर काम केलेला हा माणूस शेवटचं कलम विसरला असेल, तर वरच्या तेरा खुणांवर तरी विश्वास कसा ठेवायचा? काम न करताच खूण केली असेल तर? मी यादी जशी होती तशी खिशात ठेवली.

क्वीन्सटाउन

नलूचं घर क्वीन्सटाउनच्या जुन्या वसाहतीत सातव्या मजल्यावर आहे. तिथली लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नाही. पाचव्यावर उतरायचं आणि बॅगा उचलून दोन मजले चढायचं, नाहीतर नवव्यावर उतरून दोन मजले उतरायचं. नलू म्हणते, येताना उतरायचं, जाताना पण उतरायचं, म्हणजे चढायला लागतच नाही. तिचा हा स्वभाव लहानपणापासूनचा. समोर लांबलचक कॉरिडॉर, दारोदार चपलांची रांग, कुंड्या, आणि खिडक्यांतून बाहेर काढलेल्या बांबूंवर वाळणारे कपडे. मला औरंगाबादच्या आमच्या क्वार्टर्सची आठवण झाली, फक्त इथं कोणाच्या दारात पाण्याचे हंडे नव्हते. नळ चोवीस तास. औरंगाबादला आमच्याकडे पाणी दिवसाआड यायचं, त्यामुळे वाहता नळ दिसला की मी अजूनही आधी बादली शोधते.

घरात नलू, तिचा नवरा सुधाकर आणि चौदा वर्षांची रेवा. सुधाकर मरीन इंजिनियर. आधी बारा वर्षं जहाजावर होता, आता जहाजदुरुस्तीच्या यार्डात आहे. रेवाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं आणि त्याला शेपूट तिथल्या बोलीतल्या 'लाह'चं. दिनकरांनी तिला विचारलं, "बेटा, अभ्यास कसा चाललाय?" तर म्हणाली, "ओके लाह, काका." दिनकरांना त्या 'लाह'चं इतकं कौतुक वाटलं की दिवसभर मला, "चहा झाला लाह?" म्हणून विचारत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. नलूकडे महिन्यातून एकदा आपल्या माणसांची बुद्धवंदना असते. पाच-सहा कुटुंबं जमली, बहुतेक इंजिनियर आणि संशोधन करणारी तरुण मंडळी, कोणी नांदेडची, कोणी नागपूरची. हॉलमध्ये चादरी अंथरल्या, मूर्तीपुढे मेणबत्त्या लावल्या. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मग पंधरा मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचं. श्वास आत, श्वास बाहेर, आणि माझ्या डोळ्यांसमोर तापवायच्या टाकीचं बूच. काढलं असेल का? श्वास आत. पंपात पाणी राहिलं असेल तर पंपही गेला. श्वास बाहेर. एक डोळा उघडून पाहिलं तर दिनकर अगदी शांत बसलेले, चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. मला त्यांचा भयंकर राग आला. मग पंचशील घेऊन पाच मिनिटं होत नाहीत तोच राग आला म्हणून स्वतःचा राग आला.

मंडळी जेवून गेल्यावर मी सुधाकरला गॅलरीत गाठलं आणि सगळं सांगितलं.

"ताई, बूच महत्त्वाचं," तो म्हणाला. "जहाज थंडीत उत्तरेच्या बंदराला लागायचं असलं की आम्ही डेकवरच्या नळ्या आधी रिकाम्या करतो. एकदा एका पोरानं केल्या नाहीत. सकाळी व्हॉल्व्हचे दोन तुकडे हातात आले. तुमच्याकडे कोणी बघायला नाही का?"

"वॉल्टर आहे. पण त्याला फोन केला आणि यांना कळलं तर? यांनी केलेलं काम तपासायला मी माणूस लावला, असं होईल."

"मी करतो. उद्या सकाळी लवकर. तिकडे संध्याकाळ असेल."

सोमवारी सकाळी दिनकर रेवाला बसपर्यंत सोडायला गेले तेवढ्यात सुधाकरनं फोनकार्डाचे ते लांबलचक आकडे दाबून वॉल्टरला लावला आणि त्याला इंजिनियरच्या भाषेत कुठं काय बघायचं ते सांगितलं. वॉल्टर निवृत्त सुतार. हातात बॅटरी घेऊन बाहेर गेला, दहा मिनिटांनी त्यानंच परत फोन केला. रात्री पारा शून्याखाली बारावर गेला होता. तापवायच्या टाकीचं बूच काढलेलं होतं, आत थेंब नव्हता. मात्र गाडीच्या आत जाऊन मोऱ्या बघायला पायऱ्या चढाव्या लागतील आणि आज त्याचा गुडघा धरला होता. बुधवारपर्यंत बघतो म्हणाला.

खरं तर मी हुश्श करायला हवं होतं. पण मन मानेना. बूच काढलं, बरं झालं, पण चौदाव्याचं काय? दिवसभर मी नलूच्या घरात येरझारा घातल्या. कपाट लावलं, परत लावलं. नलू वैतागून म्हणाली, "ताई, तू पाहुणी आहेस का इन्स्पेक्टर?"

आणि संध्याकाळी माझा तोल गेला. नलूकडे बाथरूमच्या गीझरचं बटण दाराबाहेर असतं. आंघोळ झाली की आठवणीनं बंद करायचं. दिनकर आंघोळ करून आले, बटण चालूच. लाल दिवा दिसला आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, "एवढंसुद्धा लक्षात राहत नाही? काय करायचं तुमचं?"

रेवानं मान खाली घालून ताटातला भात चिवडला. दिनकर उठले, बटण बंद करून आले. तरी मी आणखी बोलले. "पुढच्या उन्हाळ्यात ती गाडी विकून टाकू. झेपत नाही आता."

"बरं," दिनकर म्हणाले.

त्या गाडीसाठी त्यांनी निवृत्तीची पहिली सहा वर्षं घालवली होती. माझ्याशी वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. नुसतं बरं म्हणाले आणि नलूनं केलेली वांग्याची भाजी आणखी वाढून घेतली.

तांजोंग पगार

मंगळवारी सुधाकरनं अर्धी सुट्टी काढली आणि रेवाची शाळा सुटल्यावर आम्हां सगळ्यांना घेऊन एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, तांजोंग पगारला गेला. तिथं एका बाजूला काचेच्या उंच कचेऱ्या आणि त्यांच्या पायाशी जुनी दुमजली, रंगीत खिडक्यांची दुकानं, खालून चालायला पडवी. ऊन असं की चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर येत होता. सुधाकर एका उड्डाणपुलावर घेऊन गेला आणि बंदर दाखवलं. मैलभर पसरलेले कंटेनर, लाल-निळे-पिवळे, आणि त्यांच्यावर मान वाकवलेल्या क्रेन. दिनकर तिथून हलेनात. क्रेनच्या पायांचे आडवे तिडवे दांडे कसे जोडले आहेत ते बोटानं हवेत काढून रेवाला समजावत होते. एक शब्द अडला नाही, एक नाव चुकलं नाही. मी बघत होते आणि मला कळेना, की मी ज्या माणसाला मेंदूच्या डॉक्टरकडे फसवून नेते आहे तो हाच का.

मग हॉकर सेंटरमध्ये जेवायला. मोठ्या छपराखाली शंभर ठेले, प्रत्येकाचा एकच पदार्थ आणि प्रत्येकापुढे रांग. ऑफिसांची जेवणाची वेळ उलटत आली होती तरी टेबलं भरलेली. मला कोपऱ्यात एक रिकामं टेबल दिसलं. त्यावर कागदी रुमालांचं एक पाकीट कोणीतरी विसरून गेलं होतं. मी ते उचललं आणि समोरून जाणाऱ्या एका बाईंच्या मागं "तुमचं राहिलं" म्हणत धावले. रेवा किंचाळली, "मावशी, नो! दॅट वन समबडी चोप ऑलरेडी, लाह!"

सुधाकर हसून वाकडा झाला. मग समजावलं, की इथं ज्याला जागा धरायची असते तो टेबलावर रुमालांचं पाकीट ठेवून रांगेत जातो. त्याला चोप करणं म्हणतात. "ताई, ते कोणी विसरलेलं नाही. मुद्दाम ठेवलेलं आहे." मी ओशाळून पाकीट परत ठेवलं. आपल्याकडे एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकतात तेच हे. फक्त आपल्याकडे त्यावरून भांडण होतं, इथं कोणी हात लावत नाही.

अखेर आम्हाला जागा मिळाली. तांदळाच्या जाड शेवया, रश्शातला टोफू, माझ्यासाठी सुकी भाजी. दिनकरांनी शेवयांवर लाल चटणी इतकी घेतली की ठेलेवाल्या आजोबांनी अंगठा दाखवला. रेवानं दिनकरांसाठी एक पेला आणला. "काका, बांडुंग. रोझ सिरप अँड मिल्क. शुअर लाइक."

दाट गुलाबी दूध, वर बर्फ. दिनकरांनी पेला उचलला, थंड काचेवरून बोटं सरकली आणि अर्धा पेला टेबलावर आडवा झाला. मी सवयीनं उठले. रुमालानं पुसलं, डाग उरला, म्हणून बाटलीतलं पाणी ओतून धुवायला लागले. पाणी पडताच ते दाट गुलाबी पातळ झालं, पारदर्शक, आणि टेबलाच्या कडेवरून खाली वाहायला लागलं.

माझा हात तिथंच थांबला. हा रंग मी पाहिला होता. असाच पाणी ओतून धुतला होता.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी छोटा कुकर आणायला मोटरहोममध्ये गेले होते. सिंकमध्ये जाळीपाशी ते गुलाबी औषध साचलेलं, ओट्यावरही चार शिंतोडे. माझी आई गावाला जाताना ओटा आणि मोरी धुतल्याशिवाय घराला कुलूप लावायची नाही. उष्टं-खरकटं मागं ठेवून दार बंद करायचं नाही, हे आमच्या अंगात मुरलेलं. कुकर घरात ठेवला, घरातून गरम पाण्याची बादली नेली, सिंक घासलं, आणि सगळं गुलाबी मोरीतून घालवून टाकलं. सिंक लखलखीत केलं आणि समाधानानं कुलूप लावलं. म्हणजे वाकड्या नळीतलं न गोठणारं औषध काढून तिथं मी स्वतःच्या हातानं साधं पाणी भरून आले होते.

तीन दिवस मी ज्या चुकीसाठी त्या माणसाकडे संशयानं बघत होते, ती माझी होती. दुसऱ्यासाठी डायरी ठेवायची, यादी तपासायची, फोन करायला लावायचे, चारचौघांत बोलायचं. आणि बादली कोणी नेली, तर मी. लाजेनं माझे कान तापले.

"काय झालं ताई? ऊन लागलं का?" सुधाकरनं विचारलं.

"हो," मी म्हणाले. दिनकर माझ्याकडे बघत होते.

पुन्हा क्वीन्सटाउन

बुधवारी सकाळी सुधाकर कामावर गेला होता, म्हणून वॉल्टरला मीच फोन केला. काय ऐकायला मिळणार ते मला माहीत होतं. रात्री पारा शून्याखाली अठरा झाला होता, वॉल्टर म्हणाला. तो गाडीत चढला होता. सिंकच्या मोरीत बॅटरी मारून पाहिलं.

"बर्फ?" मी विचारलं.

"बर्फ कसला? काठोकाठ गुलाबी आहे. दिनकर कधी विसरतो का?"

मी पुन्हा विचारलं. स्वयंपाकघराचंच सिंक ना? तेच, म्हणाला. लखलखीत घासलेलं, आणि मोरीत गुलाबी.

रिसीव्हर ठेवला आणि मी स्टुलावर तशीच बसून राहिले. मी धुतल्यानंतर तिथं कोणीतरी पुन्हा ओतलं होतं. किल्ली दोघांकडेच. आणि मला ती टॅक्सी आठवली, सात-आठ मिनिटं, ओली बाही.

दिनकर खाली इमारतीच्या पायथ्याशी होते. तिकडे इमारतींचा तळमजला मोकळा ठेवतात, नुसते खांब आणि दगडी टेबलं. तिथं दोन चिनी आजोबा चिनी अक्षरांच्या सोंगट्यांचं बुद्धिबळ खेळत होते आणि दिनकर त्यांच्या शेजारी बसून, एक अक्षर कळत नसताना, गंभीरपणे डाव पाहत होते. मी त्यांना बाजूच्या बाकावर नेलं.

"अहो, टॅक्सी उभी करून मागं कशाला गेला होता?"

"तू सिंक धुतलंस ना."

"तुम्ही पाहिलंत?"

"खिडकीतून. बादली घेऊन निघालीस तेव्हाच समजलं. यादीतली चौदाव्याची खूण मी खोडरबरानं पुसून टाकली, म्हणजे सकाळी लक्षात राहील. सकाळी साफ विसरलो. टॅक्सीत बसायला म्हणून जाकीट घातलं, खिशात कागद लागला, तेव्हा आठवलं." मग हसून म्हणाले, "खूण परत करायची मात्र राहिली."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत? तोंडावर बोलायचं, कुंदा, काय केलंस हे!"

"तू तरी कुठं सांगतेस? मी गॅस चालू ठेवतो, तू मागून बंद करतेस. मला कळतं ते. मला वाटलं, एवढं एक आपणही गुपचूप करावं."

मला रडू आलं. त्या आजोबांपैकी एकानं वळून पाहिलं आणि परत पटाकडे मान फिरवली. मी म्हणाले, "माझं चुकलं. सोमवारी सगळ्यांसमोर बोलले ते फार चुकलं. आणि आणखी एक सांगायचंय. उद्या नोव्हेनाला आपण डोळ्यांसाठी चाललेलो नाही."

"माहीत आहे," दिनकर म्हणाले. "नलू डोळ्यांच्या डॉक्टरकडे कामाला नाही, एवढं मला अजून आठवतं."

नोव्हेना

डॉक्टरांचं सांगून टाकते, कारण वाचणारे तेच विचारतील. शांत स्वभावाच्या चिनी बाई होत्या. तासभर प्रश्न विचारले, घड्याळ काढायला लावलं, ते दिनकरांनी अर्थातच कंपासानं काढल्यासारखं काढलं, पण त्यात सांगितलेली वेळ दाखवायला फार वेळ लागला. पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, त्यातले दोन आठवले. विसरणं वयापेक्षा जास्त आहे, सुरुवात आहे, गोळ्या घ्या, सहा महिन्यांनी तिकडच्या डॉक्टरांना दाखवा. गाडी चालवण्याचं विचारल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, लांबच्या प्रवासाला गाडी चालवायला आता तुम्ही शिका. आणि मी शिकते आहे. गाडी विकायचा विषय पुन्हा कोणी काढलेला नाही.

पण नोव्हेना म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर दवाखाना येत नाही, तिथं जातानाचा प्रवास येतो. सिटी हॉल स्टेशनवर आम्ही एमआरटीची गाडी बदलली. गर्दी ओसरलेली होती, दोघांना शेजारी जागा मिळाली. माझ्या मांडीवर पर्स, पर्समध्ये डायरी. तीच डॉक्टरांना दाखवायची होती.

"दे इकडे," दिनकर म्हणाले.

"काय?"

"जे लिहून ठेवलंयस ते. तू मागून गॅस बंद करतेस आणि मग काहीतरी लिहितेस, तेही मी पाहिलंय."

मी डायरी दिली. ते पहिल्या पानापासून वाचायला लागले. चष्मा वर सरकवून, बोट ओळीवर ठेवून, एखादा नकाशा तपासावा तसं. वॉल्टरचं नाव. गॅस, चार वेळा. बँकेतून येताना चुकलेला रस्ता. त्यांचं तोंड बघायची माझी हिंमत होईना, म्हणून मी दारावरचे स्टेशनांचे दिवे मोजत बसले.

शेवटच्या पानावर ते थांबले. खिशातून पेन्सिल काढली. टॅक्सीच्या ओळीवर, तिकिटाच्या कडेचा पट्टीसारखा उपयोग करून, एक सरळ रेघ मारली आणि समोर 'दि.' अशी सही केली. नकाशात दुरुस्ती केली की करणाऱ्यानं शेजारी सही करायची, हा त्यांच्या कचेरीचा नियम होता.

"हे एक काढ," म्हणाले. "बाकीचं बरोबर आहे."

मला वाटलं, आता डायरी परत देतील. पण त्यांनी पेन्सिल ठेवली नाही. खाली, मोकळ्या जागेत, हळूहळू, त्या सुवाच्य अक्षरात ते स्वतः लिहायला लागले. मी वाकून वाचलं. सप्टेंबरमध्ये दुकानासमोर गाडी लावली होती, ती तासभर सापडली नाही. कुंदाला सांगितलं नाही.

त्यापुढेही त्यांनी सही केली आणि डायरी माझ्या हातात दिली. नोव्हेना आलं तेव्हा आम्ही उतरलो.